सहा देशांचे तीन केले तेव्हा कुठं ट्रिप बसली

मागच्या रविवारी दुपारी माझा मावसभाऊ त्याच्या दोन दोस्तांना घेऊन घरी आला. जुळे सोलापुरातलं आमचं घर वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, कूलर लावला, लिंबू सरबत दिलं, आणि ग्लास खाली ठेवायच्या आत त्यानं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर एक एक्सेल शीट ठेवली. २४ दिवस, सहा देश. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया, सिंगापूर. प्रत्येक देशाला वेगळा रंग, खाली बेरीज, माणशी नव्वद हजार.

"ताई, बघ की, सगळं बरोबर बसलालंय."

तिघं २२-२३ वर्षांचे. इंजिनिअरिंग झालंय, जॉइनिंग जानेवारीत आहे, मध्ये मोकळे महिने आहेत आणि असे मोकळे महिने नोकरी लागल्यावर परत मिळत नाहीत हे त्यांना आत्ताच कळलंय याचा मला फार आनंद झाला. माझ्याकडे आले कारण घराण्यात असली ट्रिप केलेली मी एकटीच आहे. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४, मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, ३८ दिवस, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, पाठीवर एकेक सॅक. मी इथंच एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्स बघते, त्यामुळे तेव्हाचा पै-पैचा हिशोब वहीत आहे, ती वही काढली आणि त्यांची शीट शेजारी ठेवली. संध्याकाळी सात वाजेपर्यंत बसलो. त्या सगळ्यातलं जे तुमच्याही कामाचं आहे ते इथं लिहून ठेवते, कारण सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडच्या पोरापोरींचे मेसेज येतात की ताई असं काही आपल्याला जमेल का. जमतं. पण देश मोजत बसलात तर पैसे तिथंच संपतात.

आधी माझा खर्च सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्या एकटीचे एकूण १ लाख २१ हजार गेले. हैदराबाद-बँकॉक येणंजाणं १७ हजार, तीन व्हिसा मिळून ८ हजार, इन्शुरन्स अडीच हजार, कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलर म्हणजे तेव्हाचे पाच हजारांच्या वर, लांबचे प्रवास (बस, रेल्वे आणि एक विमान) २४ हजार, आणि राहणं-खाणं-फिरणं दिवसाला १,७०० च्या आसपास, त्याचे साडेचौसष्ट हजार. आता नीट बघा, रोजच्या राहण्याखाण्यात मी कितीही काटकसर केली असती तरी दिवसाचे शंभर-दोनशेच वाचले असते. मोठे आकडे सगळे हलण्याचे आहेत. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचे, त्यातही एका देशातून दुसऱ्या देशात जायचे.

पोरांच्या शीटमध्ये हाच कॉलम नव्हता. त्यांनी हॉस्टेलचे बेड शोधून शोधून ३५० चे काढले होते, जेवण दिवसाला ४०० धरलं होतं, आणि बॉर्डर म्हणजे नकाशावरची एक रेघ असं धरून चालले होते. बॉर्डरचा दिवस कसा जातो ते मी सांगितलं. सकाळी सातला हॉस्टेल सोडायचं, बस, मग इकडच्या इमिग्रेशनची लाइन, मग तिकडची, व्हिसाचे डॉलर, हातात उरलेल्या चलनाचं काय करायचं कारण किप लाओसच्या बाहेर कोणी घेत नाही, नवं सिम, नवीन एटीएमचा चार्ज, स्टँडवरून गावात जायला रिक्षावाल्याशी घासाघीस कारण अजून तिथले रेट माहीत नाहीत, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार. त्या दिवशी बघितलं काहीच नाही आणि खर्च मात्र इतर कुठल्याही दिवसाच्या दुप्पट-तिप्पट. माझ्या वहीत प्रत्येक बॉर्डरला सगळं धरून पाच ते सहा हजार लागलेत. सहा देशांना अशा पाच बॉर्डरी. चोवीसातले पाच दिवस आणि पंचवीस-तीस हजार रुपये नुसते रेघा ओलांडण्यात.

हे ऐकून तिघं गप्प झाले. मग भाऊ म्हणाला, "मग कुठला काढायचा?"

सिंगापूर आधी काढलं. तिथं आपल्याला व्हिसा लागतो, आणि डॉर्ममधल्या एका बेडच्या भाड्यात लाओसमध्ये दोघं जेवूनखाऊन राहतात. सिंगापूर बघण्यासारखं नाही असं मी अजिबात म्हणत नाही, पण या पैशात ते नको, पुढं ऑफिसच्या सुट्टीत चार दिवस जाऊन या. मलेशिया काढताना त्यांना जास्त वाईट वाटलं कारण भारतीयांना तिथं १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही आणि ही सवलत २०२६ च्या शेवटापर्यंत आहे. पण व्हिसा फुकट म्हणून देश फुकट होत नाही. क्वालालंपूरला जायचं तर व्हिएतनामहून वेगळं विमान आलं, बॅगेचे पैसे वेगळे आले, आणि हाती राहिले तीन दिवस.

कंबोडिया मात्र मला स्वतःलाच काढवेना.

अंगकोर वाटला पहाटे साडेपाचला मी उभी होते तेव्हा अंगावर काटा आला होता, बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं बांधलेलं विष्णूचं मंदिर, भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं, आणि आजूबाजूच्या पन्नास देशांच्या लोकांत त्या भिंतीवरची गोष्ट आम्हाला दोघींना आजीकडून ऐकून पाठ होती. ता प्रोम नावाचं झाडांच्या मुळ्यांत अडकलेलं देऊळ आहे, त्याच्या जतनाचं काम आपल्या पुरातत्त्व खात्यानं केलंय, तिथल्या पाटीवर ते वाचून किती अभिमान वाटला ते लिहिता येत नाही. पण आम्ही अंगकोरजवळच्या सिएम रीपहून बसनं पोइपेतच्या नाक्यावरून सरळ बँकॉकला परत आलो होतो, आणि तो रस्ता आता तसा धरता येत नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात सीमेवर पाच दिवस लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई पेटली. इंटरनेटवर थायलंड-कंबोडिया-व्हिएतनाम असा गोल फिरवणारे हजारो जुने प्लॅन अजून पडलेत, पोरांनीही त्यातलाच एक उचलला होता, तारीख न बघता. कंबोडिया करायचाच तर व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीहून बसनं नॉम पेन्हला जाता येतं, सहा-सात तासांचा रस्ता आहे, मग सिएम रीप, आणि तिथून विमान. म्हणजे अजून सहा दिवस आणि अजून वीस-बावीस हजार तरी. त्यांच्याकडे ते नाहीत. काढला.

राहिले तीन. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, दिवस चोवीसाचे तीस केले.

आता रूट. सोलापूरची माणसं परदेशी म्हटलं की सरळ मुंबई धरतात. मुंबई आपल्यापासून ४०० किलोमीटर, हैदराबाद जेमतेम ३००, आणि हैदराबादहून बँकॉकचं थेट विमान तीन-साडेतीन तासांत पोचतं. दोन्हीकडचे भाव बघा, मग ठरवा. तिघातल्या एकाचं घर साखर पेठेत, घरात तेलुगू बोलतात, आजोळ हैदराबादला, त्यामुळे आदल्या रात्रीच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय आपोआप झाली. जाताना हैदराबाद-बँकॉक आणि येताना हो ची मिन्ह सिटी-मुंबई अशी दोन सुटी तिकिटं काढायची, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी घरी. आम्ही परत बँकॉकलाच यायचं तिकीट काढून ठेवलं होतं म्हणून आम्हाला तेवढा उलटा प्रवास करावा लागला. ज्या टोकाला ट्रिप संपते तिथूनच घरी या.

तारखांवर बरीच चर्चा झाली. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, दिवाळी घरी केल्याशिवाय मावशी सोडणार नाही, आणि संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी परत यायचं हे भावानं स्वतःच ठरवलेलं, नंदीध्वजांची मिरवणूक तो चुकवत नाही. म्हणजे २२ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर. हवेच्या बाबतीतही हे चांगलं बसतं. बँकॉक आणि लाओसचा पाऊस संपलेला असतो. फेब्रुवारीनंतर उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं जाळतात, धुरानं डोळे चुरचुरतात, ते टळतं. व्हिएतनामचं चांद्र नववर्ष म्हणजे तेत जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा अख्खा देश गावी जातो, रेल्वेचं तिकीट मिळत नाही, तेही टळतं. एकच गोष्ट सांभाळायची, व्हिएतनामचा मधला पट्टा, हुए आणि होई आन. तिथला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर हुएजवळच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, आपल्या जिल्ह्यात अख्ख्या वर्षात त्याच्या निम्माही पडत नाही. आपली पोरं तिथं डिसेंबरच्या मध्यावर पोचतील, जोर ओसरलेला असेल, तरी तिथले दिवस मोकळे ठेवलेत आणि हॉस्टेल आगाऊ भरायचं नाही असं ठरलंय.

बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं उत्तरेकडं. आम्ही गेलो तेव्हा ती गाडी नाँग खाई या सीमेवरच्या गावापर्यंतच जायची, तिथून मेकाँगवरचा फ्रेंडशिप ब्रिज ओलांडायचा. जुलै २०२४ पासून ती थेट लाओसच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्तियानपर्यंत जाते. रात्र गाडीत गेली की एका हॉस्टेलचे पैसे वाचतात, आणि हुतात्मा-सिद्धेश्वरनं वाढलेल्या आपल्या लोकांना रेल्वेत झोप लागते, तिथल्या युरोपियन पोरांना लागत नव्हती. व्हिएन्तियानहून पुढं चीननं बांधलेली नवी रेल्वे आहे, ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली, जो रस्ता आधी बसनं अख्खा दिवस खायचा तो आता लुआंग प्रबांगपर्यंत दोन तासांत होतो. स्टेशनवर एअरपोर्टसारखी बॅग तपासतात, डिओचा स्प्रे आणि चाकू काढून घेतात, माझी फळं कापायची छोटी सुरी तिथं गेली.

लाओसबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पोरं तो "मधला देश" म्हणून चार दिवसांत उरकणार होती. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेनं या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात क्लस्टर बॉम्बमधले छोटे छोटे बॉम्ब २७ कोटींच्या आसपास, आणि त्यातले कोट्यवधी फुटलेच नाहीत, अजून शेतात, रानात आहेत, अजून शेतकरी आणि लहान पोरं त्यानं जखमी होतात. व्हिएन्तियानमध्ये कोप सेंटर नावाची जागा आहे, अशा माणसांना कृत्रिम हात-पाय देतात, छोटं प्रदर्शन आहे, तिकीट नाही. घरी बनवलेले लाकडी पाय तिथं ओळीनं टांगलेत, लोकांनी स्वतःच झाडाच्या ओंडक्यातून कोरून वर्षानुवर्षं वापरलेले. मी आणि मैत्रीण तिथून बाहेर आलो आणि बराच वेळ बोललोच नाही. ते बघूनच पुढं जा. आणि खेड्यात फिरताना मळलेली पायवाट सोडून रानात शिरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

आणि वांग व्हिएंग. नदीकाठचं सुंदर गाव आहे, सगळे बॅकपॅकर तिथं थांबतात आणि हॉस्टेलमध्ये फुकट दारूचे पेग वाटायची पद्धत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथं मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक मेले, त्यातल्या काही मुली १९-२० वर्षांच्या होत्या. मिथेनॉलला वेगळी चव नसते, पिताना कळत नाही. मी पोरांना पिऊ नका असं म्हणाले नाही, मोठी झालीत, पण फुकटचा पेग, बादलीतलं कॉकटेल, लेबल नसलेली बाटली याला हात लावायचा नाही, सीलबंद बिअर स्वतःसमोर उघडून घ्यायची. हे मी मावशीसमोर बोलले. बोलायलाच पाहिजे होतं.

मावशी सहा वाजता आली होती, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन. तिचा प्रश्न एकच, "आजारी पडला तर गं?" चांगला प्रश्न आहे, आणि त्याला "काही होत नाही" हे उत्तर नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच, आणि घेताना दोन गोष्टी वाचायच्या. एक, पेशंटला दुसऱ्या देशात हलवायचा खर्च त्यात आहे का, कारण लाओसमध्ये मोठं काही झालं की थायलंडला न्यावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे टू-व्हीलर, आणि इथं आपली पोरं हमखास फसतात.

व्हिएतनामच्या उत्तरेला 'हा जियांग' नावाच्या भागातला घाट आहे, बाइकवर चार दिवस, सगळ्या रील्स तिथल्याच. भावानं ते आधीच लिहून ठेवलं होतं, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढू म्हणाला. अडचण अशी की आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निघतं आणि व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार मानतं, भारत त्यात नाही. म्हणजे आपलं परमिट खिशात असलं तरी तिथं ५० सीसीच्या वरची गाडी आपण लायसन्सशिवाय चालवतोय असंच धरलं जातं. बाइक भाड्यानं देणारा काही विचारत नाही, हसून किल्ली देतो. अपघात झाला की मग इन्शुरन्सवाला लायसन्स मागतो आणि क्लेम तिथंच संपतो. आमच्या हॉस्टेलमध्ये एक पोरगा होता, नाशिककडचा, स्कूटरवरून पडून खांदा मोडलेला, घरच्यांनी इकडं पैसे गोळा करून पाठवले तेव्हा प्लेट बसली. हा जियांगला "ईझी रायडर" मिळतो, म्हणजे गाडी तिथला माणूस चालवतो आणि तुम्ही मागं बसता. थोडं महाग आहे, पण डोंगर मागं बसून जास्त दिसतात. भाऊ नाराज झाला. होऊ दे.

व्हिसाचं आता पटापट सांगते. थायलंडला भारतीयांना व्हिसा लागायचा, तो १० नोव्हेंबर २०२३ पासून काढला, आम्ही दोन आठवड्यांनी पोचलो म्हणून वाचलो. १५ जुलै २०२४ पासून ६० दिवस केले. असले नियम तिथलं सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर परत बघायचं. आणि १ मे २०२५ पासून जायच्या आधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट असेल तर बंद करा. लाओसचा व्हिसा ब्रिजवर मिळतो, ४० डॉलरच्या आसपास, नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या हव्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत, सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असतं, तीच खरी, बाकीच्या तसल्याच दिसणाऱ्या साइटी दुप्पट-तिप्पट घेतात.

त्या ई-व्हिसाच्या फॉर्मवर देशात शिरायचं ठिकाण निवडावं लागतं. मी न विचार करता हनोई एअरपोर्ट निवडलं आणि नंतर लुआंग प्रबांगहून बसनं जायचं ठरवलं, बस डोंगरातल्या नाक्यावरून जाते, तिथं तो व्हिसा चालला नसता. बसच्या जवळपास दुप्पट पैसे देऊन आयत्या वेळी विमान घ्यावं लागलं, वहीत तो आकडा लाल पेननं लिहिलाय. आधी रस्ता ठरवा, मग फॉर्म भरा. आणि नाव, आपल्याकडं पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. व्हिसावर आणि विमानाच्या तिकिटावर तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. माझ्या मैत्रिणीनं वडिलांचं नाव गाळलं म्हणून तिला फॉर्म परत भरावा लागला आणि फी दुसऱ्यांदा गेली.

पैशांचं एक महत्त्वाचं. आपल्या डेबिट कार्डवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. आणि ओटीपी इथल्या सिमवर येतो, म्हणून एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू करून जा, नाहीतर कार्ड खिशात असून उपयोग नाही. थायलंडमध्ये आपल्या कार्डावर एटीएम दर वेळी चार्ज कापतं, सहाशेच्या वर रुपये, तेव्हा रोज थोडे थोडे न काढता एकदाच काढा. तिघांचे पैसे एका पाकिटात ठेवू नका.

खाण्याचं. तिघांतला एक शाकाहारी आहे, माळकरी घर, त्याची आई सगळ्यात काळजीत. मी पण शाकाहारी आहे आणि ३८ दिवस उपाशी राहिले नाही. अडचण मांसाची नसतेच, ते दिसतं. अडचण फिश सॉसची, थायलंडमध्ये नाम प्ला आणि व्हिएतनाममध्ये नुओक माम, पालेभाजीतसुद्धा टाकतात आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून "व्हेज" म्हणून चालत नाही. थायलंडमध्ये "जे" आणि व्हिएतनाममध्ये "चाय" हे शब्द पाठ करा, दुकानाच्या पाटीवर ते अक्षर ओळखायला शिका. व्हिएतनाममध्ये बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, आपल्या एकादशीसारखं, त्या दिवशी गल्लीगल्लीत चायचं ताट मिळतं, टोफू, मशरूम, भात. आपल्याकडं साठ-सत्तरला मिळतं तेवढं ताट तिकडं दीडशेला, तरी परवडतं. शेंगा चटणी मात्र अर्धा किलो न्याच. लाओसमध्ये चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो, त्याचा हातानं गोळा करायचा आणि चटणीत बुडवायचा. लुआंग प्रबांगमध्ये आमच्या हॉस्टेलच्या मालकिणीला मी आपली शेंगा चटणी दिली, तिनं डबीच ठेवून घेतली. चादर नेऊ नका, आई कितीही म्हणाली तरी, एक सोलापुरी चादर सॅकमधलं दीड-दोन किलो खाते आणि स्वस्त विमानात हातातल्या बॅगेला सात किलोचीच मुभा असते. जाड टॉवेलही नको, वाळत नाही. पंचा घ्या. हनोईत डिसेंबरला बऱ्यापैकी थंडी असते, एक स्वेटर आणि शाल पुरे.

शेवटी जे बोललो ते पोरांना ऐकायला आवडलं नाही, पण मी आवाज चढवून सांगितलं. बँकॉकहून येताना कोणी तिकिटाचे पैसे देतो, फक्त ही बॅग घेऊन ये म्हणालं तर ती बॅग गांजाची असते, मुंबई एअरपोर्टवर अशी विशीतली पोरं सारखी पकडली जातात आणि त्यांची वर्षं जेलात जातात. आणि तिकडं गेल्यावर टेलिग्रामवर डेटा एंट्रीचा महिना लाखाचा जॉब आला तर तो जॉब नाही. म्यानमारच्या सीमेवर असल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेले पाचशेहून जास्त भारतीय मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले, त्यातले किती तरी असेच चांगल्या नोकरीच्या आशेनं बँकॉकला उतरले होते. म्हणूनच आपल्या एअरपोर्टवर एकट्यादुकट्या तरुण पोरांना इमिग्रेशनवाले चार प्रश्न जास्त विचारतात. रागवायचं नाही, परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग, इन्शुरन्स यांचे प्रिंट काढून हातात ठेवायचे.

नवी बेरीज माणशी १ लाख ८ हजार आली, डॉलर ९० रुपये धरून, त्यात १० हजार कशालाच हात न लावता बाजूला ठेवायचे. नव्वद हजारांच्या वरचे अठरा हजार कुठून आणायचे यावर तिघं पार्क चौकात जाऊन परत बोलले म्हणे, दोघं उन्हाळाभर क्लासमध्ये शिकवणार आहेत.

तिकीट मात्र अजून काढलेलं नाही. मी तिघांचे पासपोर्ट मागवले होते, त्यातल्या हैदराबादच्या आजोळवाल्याचा पुढच्या मार्चमध्ये संपतोय, आणि पोचल्यापासून पुढं सहा महिने तरी शिल्लक लागतात. तो म्हणाला, "ताई, मार्चपर्यंत चालतो की, आपण डिसेंबरात परत येतो." नाही चालत, विमानातच चढू देत नाहीत. नवीन करायला ३६ पानांचे १,५०० रुपये, दहावीची मार्कशीट जोडायची, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट त्याला पुढच्या गुरुवारची मिळालीये, मग पोलीस व्हेरिफिकेशन. नवा पासपोर्ट हातात आल्यावर त्याचा नंबर मला पाठवायचा, त्याच दिवशी तिघांची तिकिटं एकदम काढायची असं ठरलंय.